शब्दांचा ग्रंथ आणि भूमीचा ग्रंथ

श्रोतेहो, ग्रंथ म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर कागद, अक्षरे आणि बांधणी येते. परंतु जगातील पुष्कळशा थोर ग्रंथांचा जन्म कागदावर झालेला नाही. ते आधी माणसांच्या मुखी होते, श्रवणात होते, स्मरणात होते. लेखणी त्यांच्यापर्यंत मागाहून पोचली. काही ग्रंथांपर्यंत तर ती कधी पोचलीच नाही आणि पोचावी अशी त्यांच्या धन्यांची इच्छाही नव्हती. आज अशा दोन परंपरांविषयी मला चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. एक परंपरा ख्रिस्ती धर्माच्या नव्या कराराची. दुसरी ऑस्ट्रेलियातील आदिवासींच्या भूमिविषयक गीतांची आणि कथांची. वरकरणी पाहता ह्या दोहोंचा काही संबंध दिसत नाही. परंतु गेल्या दीडशे वर्षांत ऑस्ट्रेलियाच्या मिशन-ठाण्यांवर त्यांची गाठ पडली, आणि काही अभ्यासकांनी दोहोंचाही अभ्यास आयुष्यभर केला. त्या अभ्यासातून काय हाती आले, आणि जेथे असा अभ्यास झाला नाही तेथे माणसांचे काय गेले, हे आपण पाहू.

प्रथम नव्या कराराकडे वळू. येशू ख्रिस्ताने स्वतः एकही पुस्तक लिहून ठेवले नाही. त्याचा क्रुसावरील मृत्यू इ. स. ३० च्या सुमारास झाला. आज उपलब्ध असलेल्या ख्रिस्ती लेखनात सर्वांत जुनी आहेत ती संत पौलाची पत्रे. त्यांतील पहिली इ. स. ५० च्या सुमारास लिहिली गेली. चार शुभवर्तमानांपैकी मार्ककृत शुभवर्तमान बहुतेक विद्वान इ. स. ७० च्या आगेमागे ठेवतात, आणि मत्तय, लूक व योहान ह्यांची शुभवर्तमाने त्यानंतरच्या दोन-तीन दशकांतली मानतात. म्हणजे ख्रिस्ताचा मृत्यू आणि पहिले शुभवर्तमान ह्यांमध्ये सुमारे चाळीस वर्षांचे अंतर आहे. ह्या चाळीस वर्षांत त्याचे दाखले, त्याची वचने, त्याच्या दुःखसहनाची कथा लोकांच्या मुखी राहिली. कोणी ती भाकर मोडताना सांगितली, कोणी बाप्तिस्म्याच्या तयारीत शिकविली, कोणी छळाच्या दिवसांत धीर देण्यासाठी आठवली.

संत लूक आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभीच सांगतो की ज्यांनी हे सारे स्वतः पाहिले त्यांच्याकडून ते परंपरेने आपल्यापर्यंत आले आहे. दुसऱ्या शतकाच्या आरंभी हिएरापोलिस येथे पापियास नावाचा बिशप होऊन गेला. पुस्तकांपेक्षा जिवंत वाणीवर आपला अधिक भरवसा आहे, असे त्याने लिहिले. त्याचे ते लेखन चौथ्या शतकातील इतिहासकार युसेबियस ह्याने जपून ठेवले. शिवाय येशू बोलत असे अरामी भाषा, आणि शुभवर्तमाने आहेत ग्रीक भाषेत. मार्कच्या ग्रीक मजकुरात ‘तलिथा कूम’, ‘एफ्फाथा’ असे अरामी शब्द मध्येच तसेच्या तसे ठेवून त्यांचा अर्थ दिलेला आढळतो. ऐकलेल्या वाणीचे हे ठसे आहेत.

लिहिल्यानंतरही ग्रंथाचा प्रवास थांबत नाही. इंग्लंडात मँचेस्टर येथील जॉन रायलंड्स ग्रंथालयात योहानकृत शुभवर्तमानाचा पपायरसाचा एक तुकडा आहे. तो जेमतेम ९ सेंटिमीटर उंच आणि ६ सेंटिमीटर रुंद आहे. मिसर देशातून आलेला हा तुकडा १९३५ साली प्रसिद्ध झाला, आणि सामान्यतः तो दुसऱ्या शतकातील समजला जातो. चौथ्या शतकातील सिनाय आणि व्हॅटिकन ही दोन मोठी हस्तलिखिते पाहिली तर त्यांत मार्कचे शुभवर्तमान सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनाशीच संपते. पुढील बारा वचने त्यांत नाहीत. नव्या कराराची आज मान्य असलेली सत्तावीस पुस्तकांची नेमकी यादी आपल्याला प्रथम इ. स. ३६७ मधील संत अथनासियस ह्याच्या पत्रात मिळते. म्हणजे जो ग्रंथ आज आपण एकसंध पाहतो, त्याच्यामागे बोलणाऱ्यांची, ऐकणाऱ्यांची, लिहिणाऱ्यांची आणि निवड करणाऱ्यांची मोठी परंपरा उभी आहे.

१९१९ ते १९२१ ह्या काळात जर्मनीत श्मिट, दिबेलियस आणि बुल्टमान ह्या विद्वानांनी शुभवर्तमानांतील निरनिराळे प्रसंग सुटे करून पाहिले आणि प्रत्येक प्रसंग मंडळीच्या कोणत्या गरजेतून सांगितला गेला असावा ह्याचा शोध घेतला. त्यांचे सर्वच निष्कर्ष टिकले नाहीत. परंतु त्यांचा प्रश्न टिकला. कॅथलिक पंथातही १९४३ साली पोप बारावे पायस ह्यांनी मूळ भाषांच्या आणि लेखनप्रकारांच्या अभ्यासाला मोकळीक दिली. १९६४ साली रोमच्या बायबल आयोगाने शुभवर्तमानांच्या घडणीच्या तीन पायऱ्या स्पष्ट सांगितल्या: ख्रिस्ताची वाणी व कृती, प्रेषितांचा उपदेश, आणि शुभवर्तमानकारांचे लेखन. ह्या साऱ्या अभ्यासाचे सार तीन साध्या प्रश्नांत सांगता येईल. हे कोणी सांगितले? कोणासमोर सांगितले? आणि ते सांगण्याचा अधिकार त्याला कोठून आला? हे तीन प्रश्न बरोबर घेऊन आता आपण ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी जाऊ.

तेथे फिंक नावाची नदी आहे. नदी म्हणावयाची एवढेच. वर्षाचा बहुतेक काळ तिचे पात्र म्हणजे कोरड्या वाळूचा पट्टा असतो. तिच्या काठी, अरांडा लोक ज्या जागेला न्तारिया म्हणतात तेथे, १८७७ साली केंपे आणि श्वार्त्स ह्या दोन जर्मन लुथरन मिशनऱ्यांनी हर्मन्सबर्ग हे ठाणे उभारले. १८९४ साली तेथे कार्ल स्ट्रेलो हा तरुण मिशनरी आला. त्यापूर्वी दक्षिणेकडील डिएरी लोकांमध्ये असताना त्याने आपला सहकारी रॉयथर ह्याच्याबरोबर नवा करार डिएरी भाषेत उतरविला होता. १८९७ साली तो छापला गेला. ऑस्ट्रेलियाच्या आदिवासी भाषेतील तो पहिला संपूर्ण नवा करार होय.

हर्मन्सबर्ग येथे स्ट्रेलोपुढे जो पहिला प्रश्न उभा राहिला तो सर्वच भाषांतरकारांना छळणारा आहे: देवाला कोणता शब्द वापरावा? आपल्याकडे गोमंतकात फादर स्टीफन्स ह्यांनी १६१६ साली छापलेल्या ख्रिस्तपुराणात स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हटले, ते ह्याच अडचणीतून वाट काढण्यासाठी. हर्मन्सबर्गच्या मिशनऱ्यांनी ‘अल्तजिरा’ हा अरांडा शब्द निवडला. स्ट्रेलोला वृद्ध जाणत्यांकडून ह्या शब्दाचा जो अर्थ कळला तो असा: जे कोणी घडविले नाही, जे अनादि आहे, ते. परंतु त्याच सुमारास बॉल्डविन स्पेन्सर हा मेलबर्नचा प्राध्यापक आणि फ्रँक गिलन हा ॲलिस स्प्रिंग्जच्या तारठाण्याचा अधिकारी, हे दोघे अरांडा लोकांविषयी लिहीत होते. त्यांनी ह्याच शब्दकुळाचा संबंध स्वप्नाशी जोडला, आणि १८९६ सालापासून ‘स्वप्नकाळ’ ही कल्पना इंग्रजी लेखनात रूढ झाली. पुढे ती साऱ्या ऑस्ट्रेलियाच्या आदिवासी धर्माला सरसकट चिकटविण्यात आली.

ह्या वादात कोण खरा? पुढील भाषाभ्यासकांनी दाखविले की अरांडा भाषेत ‘स्वप्न पडणे’ ह्यासाठी जे क्रियापद आहे त्याचा शब्दशः अर्थ ‘अल्तजिरा पाहणे’ असा होतो. म्हणजे स्वप्नाशी संबंध आहे खरा; पण अल्तजिरा म्हणजे स्वप्न नव्हे. स्वप्नात माणसाला जे अनादि तत्त्व दिसते, त्याचे ते नाव. एका शब्दाचा अर्थ थोडा ढळला, आणि त्यामुळे एका समाजाची सारी श्रद्धा परक्यांच्या दृष्टीने स्वप्नाळू, अवास्तव ठरली. स्वप्नकाळ म्हटल्यावर ऐकणाऱ्याला वाटते, फार फार पूर्वीची काही अद्भुत कथा असेल. प्रत्यक्षात त्या लोकांच्या दृष्टीने तो संपून गेलेला काळ नाही. तो आजही पायाखाली आहे.

पायाखाली आहे म्हणजे काय, हे एका उदाहरणाने सांगतो. ॲलिस स्प्रिंग्ज ह्या शहराच्या जागेचे मूळ नाव म्पार्न्ट्वे. शहराच्या पूर्वेस डोंगररांगेत एक खिंड आहे. तिचे नाव अन्थ्वेर्के. अरांडा लोक, ज्यांचे नाव आज अरेर्न्टे असे लिहिले जाते, सांगतात की येपेरेन्ये आणि इतर जातींच्या सुरवंटरूप पूर्वजांनी हा प्रदेश घडविला. डोंगराची धार, खडकांची रांग, झाडांचा समूह ह्यांत त्या पूर्वजांच्या वाटचालीच्या खुणा आहेत. त्या वाटेवरील प्रत्येक स्थळाचे गीत आहे, विधी आहे, आणि ते सांभाळणारी घराणी आहेत. बापाच्या कुळाकडून ज्यांना ते स्थळ मिळाले ते त्याचे धनी. आईच्या कुळाकडून ज्यांचा संबंध ते त्याचे रखवालदार. धन्याने विधी करावा आणि तो नेमका झाला की नाही हे रखवालदाराने पाहावे. मनात येईल त्याने मनात येईल तेथे ते गीत गावे, असे चालत नाही. शिवाय आईला गर्भाची पहिली चाहूल ज्या स्थळी लागली, त्या स्थळाशीही मुलाचे जन्मभराचे नाते जुळते.

आपल्याकडे जमिनीचा वाद निघाला की आपण उतारा काढतो. कोणाचे नाव, किती क्षेत्र, चारी दिशांना कोण, हे त्यावरून ठरते. अरेर्न्टे माणसाचा उतारा म्हणजे त्याचे गीत. त्यात स्थळांची नावे क्रमाने येतात, पाण्याच्या जागा येतात, कुळाचा संबंध येतो आणि साक्षीदारही येतात. फरक इतकाच की हा उतारा कचेरीच्या कपाटात नसतो. तो त्या त्या ठिकाणीच वाचावयाचा असतो, आणि तो वाचण्याचा अधिकार असलेला माणूस तेथे असावा लागतो.

कार्ल स्ट्रेलोने ह्या कथा आणि गीते मूळ शब्दांत लिहून घेतली. मिशनरी म्हणून त्यांच्या विधींना तो स्वतः उपस्थित राहत नसे. पण जाणते लोक सांगत ते तो शब्दशः टिपून घेई. अरांडा आणि लोरित्जा लोकांवरील त्याचा ग्रंथ १९०७ ते १९२० ह्या काळात फ्रँकफुर्ट येथून भागशः प्रसिद्ध झाला. त्याच वर्षांत अरांडा भाषेतील नव्या कराराचे कामही तो करीत होता. १९२२ साली तो गंभीर आजारी पडला. उपचारासाठी त्याला घोडागाडीत खुर्चीवर बसवून फिंक नदीच्या कोरड्या पात्राच्या वाटेने नेण्यात आले. परंतु हॉर्सशू बेंड येथे त्याने प्राण सोडला. त्याचा चौदा वर्षांचा मुलगा थिओडोर त्या प्रवासात बरोबर होता.

थिओडोर स्ट्रेलो अरांडा मुलांबरोबर खेळत वाढला होता, आणि लॅटिन व ग्रीक त्याने वडिलांकडून शिकून घेतले होते. ॲडलेड विद्यापीठातून शिक्षण पुरे करून तो १९३२ साली परत आला आणि अरांडा गीतांच्या शोधास लागला. त्याच्या ध्यानी आले की गीतातील शब्द बोलण्यातल्यासारखे नसतात. चालीसाठी ते तोडलेले असतात, आघात बदललेले असतात, जुनी रूपे मिसळलेली असतात. अधिकारी वृद्धाने उलगडून सांगितल्याखेरीज अरांडा तरुणालाही त्यांचा अर्थ लागत नाही. ग्रीक काव्याचा पाठ जसा पदच्छेद करून लावतात, तसा त्याने एकेका गीताचा पाठ लावला. ‘अरांडा ट्रॅडिशन्स’ हे त्याचे पुस्तक १९४७ साली, आणि ‘साँग्ज ऑफ सेंट्रल ऑस्ट्रेलिया’ हा बृहद्ग्रंथ १९७१ साली प्रसिद्ध झाला. ह्या दोहोंच्या मधल्या काळात, १९५६ साली, अरांडा भाषेतील नवा करार छापला गेला. त्या कामीही त्याचा हातभार होता. एकाच घरात पिता आणि पुत्र ह्यांनी ख्रिस्ताचे शब्द अरांडा भाषेत आणले, आणि अरांडा भूमीचे शब्द जगापुढे आणले.

येथे एक मोठा भेद ध्यानात घेतला पाहिजे. शुभवर्तमान सर्वांना सांगण्यासाठी आहे. ते एका देशात अडकून राहू नये, हीच त्यामागची आज्ञा आहे. गालीलच्या सरोवराकाठी सांगितलेला दाखला फिंकच्या वाळवंटात सांगता येतो, आणि आमच्या कोकणपट्टीतही सांगता येतो. भूमीच्या गीताचे तसे नाही. ते त्या स्थळाचे आहे आणि त्या स्थळाच्या माणसांचे आहे. त्यातला काही भाग तर दीक्षा न झालेल्यांच्या कानी पडता कामा नये असा दंडक आहे. थिओडोर स्ट्रेलोला वृद्धांनी पुष्कळसे विश्वासाने दिले, कारण ते पुढे कोणाच्या हाती ठेवावे अशी चिंता त्यांना होती. परंतु १९७८ साली, त्याच्या मृत्यूच्या वर्षी, त्याने एका जर्मन साप्ताहिकाला दिलेली गुप्त विधींची छायाचित्रे ऑस्ट्रेलियातही प्रसिद्ध झाली, आणि त्याविषयी तीव्र दुःख व संताप व्यक्त झाला. शब्द अचूक टिपणे ही विद्वत्तेची अर्धी बाजू झाली. तो शब्द कोणाचा आहे हे न विसरणे ही दुसरी.

आता हा प्रश्न अभ्यासिकेतून न्यायालयात कसा गेला ते पाहण्यासाठी खंडाच्या उत्तर टोकाला, आर्न्हेम लँडमध्ये जावे लागेल. तेथे यिर्काला येथे १९३५ सालापासून मेथडिस्ट मिशन होते. योलंगू लोकांचा समाज धुवा आणि यिरित्जा अशा दोन अर्धांत वाटलेला आहे. यिर्कालाला नवे चर्च बांधले तेव्हा, १९६२-६३ साली, दोन्ही अर्धांच्या वडीलधाऱ्यांनी आपापल्या भूमीची पवित्र चित्रे असलेले दोन उंच फलक रंगविले, आणि ते वेदीच्या दोन बाजूंना उभे केले. ख्रिस्ताच्या उपासनेत येताना आपण आपली भूमी मागे टाकून येत नाही, हे त्यांनी रंगांनी सांगितले. त्याच वेळी सरकारने त्यांच्या राखीव प्रदेशातून ३०० चौरस किलोमीटरहून अधिक जमीन बॉक्साइटच्या खाणींसाठी काढून घेतली होती. तेव्हा १९६३ च्या ऑगस्टमध्ये योलंगू लोकांनी संसदेला अर्ज धाडला. तो झाडाच्या सालीवर होता. मधोमध त्यांच्या भाषेत आणि इंग्रजीत टंकलिखित मजकूर, आणि भोवती कुळांच्या चित्रांची चौकट. संसदेने मधला मजकूर वाचला. चौकट हीच आमची सनद आहे, हे तिला वाचता आले नाही.

१९६८ साली खाणीचा पट्टा दिला गेला आणि योलंगू लोक न्यायालयात गेले. त्यांच्या वतीने स्टॅनर आणि बर्न्ट ह्या मानवशास्त्रज्ञांनी साक्ष दिली. प्रतिपक्षाचा आक्षेप असा होता की वाडवडिलांनी सांगितले म्हणून सांगणे हा ऐकीव पुरावा होय, आणि ऐकीव पुरावा कायद्याला चालत नाही. न्यायमूर्ती ब्लॅकबर्न ह्यांनी ह्या बाबतीत उदार दृष्टी ठेवून अशा साक्षी घेतल्या. योलंगू लोकांचा कायदा सूक्ष्म आणि सुव्यवस्थित आहे, हेही त्यांनी मान्य केले. तरी एप्रिल १९७१ च्या निकालात ते म्हणाले त्याचा आशय असा: ही कुळे भूमीची आहेत असे दिसते, पण भूमी कुळांची आहे असे दिसत नाही, म्हणून ह्या नात्याला मालमत्ता म्हणता येत नाही. जे नाते मालकीपेक्षा खोल होते, ते खोल असल्यामुळेच कायद्याच्या मापात बसले नाही. खाण चालू राहिली.

ह्या खटल्यात साक्ष देणाऱ्या स्टॅनर ह्यांनी १९६८ साली ऑस्ट्रेलियाच्या नभोवाणीवरून बॉयर व्याख्यानमाला दिली होती. देशाच्या इतिहासलेखनाने आदिवासींविषयी मोठे मौन पाळले आहे, आणि ते मौन केवळ विसराळूपणाचे नाही, असे त्यांनी साऱ्या देशाला ऐकविले. खटला हरला, पण लोकमत हलले. १९७६ साली उत्तर प्रदेशविभागासाठी आदिवासी भूमिहक्काचा कायदा झाला. परंपरागत धनी कोण, ह्याची व्याख्या करताना त्या कायद्याने स्थळाशी असलेले आध्यात्मिक नाते आणि त्या स्थळाची आध्यात्मिक जबाबदारी हे शब्द घातले. १९८२ साली हर्मन्सबर्गची मिशनची जमीनही तिच्या परंपरागत धन्यांकडे परत गेली. १९९९ साली ॲलिस स्प्रिंग्ज शहराच्या काही भागांवर अरेर्न्टे लोकांचा हक्क न्यायालयाने मान्य केला.

सर्वांत गाजलेला निकाल मात्र ३ जून १९९२ चा. टोरेस सामुद्रधुनीतील मेर बेटाच्या लोकांचा तो खटला एडी माबो ह्यांच्या नावाने ओळखला जातो. ब्रिटिश आले तेव्हा ही भूमी कोणाचीच नव्हती, ही समजूत उच्च न्यायालयाने त्या दिवशी टाकून दिली. ह्या खटल्यातील वादींपैकी एक, डेव्ह पासी, हे अँग्लिकन धर्मगुरू होते. बेटावरील मालोचा जुना नियम आणि ख्रिस्ताची शिकवण ह्यांत त्यांना विरोध दिसला नाही. पहिल्याने दुसऱ्याची वाट तयार केली, अशी त्यांची श्रद्धा होती. १९८६ साली ॲलिस स्प्रिंग्ज येथे आलेले पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनीही आदिवासींना त्यांच्या भूमीसह आणि संस्कृतीसह ख्रिस्ती होण्याचा आदरपूर्वक दिलासा दिला होता.

तरीही लेखणीचा पक्षपात संपला नाही. मरे नदीकाठच्या योर्टा योर्टा लोकांचा दावा १९९८ साली फेटाळला गेला. त्या न्यायाधीशांनी वृद्धांच्या तोंडी साक्षींपेक्षा एडवर्ड कर ह्या मेंढपाळ-जमीनदाराच्या १८८३ साली छापलेल्या आठवणींना अधिक वजन दिले. इतकेच नव्हे, तर १८८१ साली मलोगा मिशनमधील आदिवासींनी गव्हर्नरकडे शेतीसाठी थोडी जमीन मागणारा जो अर्ज केला होता, तो अर्जच त्यांनी जुनी रीत सोडल्याचा पुरावा म्हणून धरला गेला. आजोबांनी जमीन मागितली, म्हणून नातवंडांची जमीन गेली. २००२ साली उच्च न्यायालयानेही हा निकाल कायम ठेवला. एकच लिखित कागद, तो कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला, कोणत्या अडचणीत लिहिला हे न पाहता वाचला तर काय होते, ह्याचे हे उदाहरण आहे. मार्कचे शुभवर्तमान असे वाचू नये, हे बायबलच्या अभ्यासकांनी त्यापूर्वीच शिकून घेतले होते.

आणि शेवटी पुन्हा यिर्काला. १९७१ च्या खटल्यात तरुण वयात दुभाष्याचे काम केलेले गुमात्ज कुळाचे नेते युनुपिंगू ह्यांनी २०१९ साली त्याच भूमीसाठी नुकसानभरपाईचा दावा लावला. २०२३ साली त्यांचे निधन झाले. १२ मार्च २०२५ रोजी उच्च न्यायालयाने निर्णय दिला की भूमीशी असलेले आदिवासींचे हे नाते म्हणजे राज्यघटनेच्या अर्थाने मालमत्ताच होय, आणि ती घ्यावयाची तर न्याय्य मोबदला दिला पाहिजे. भूमी तीच, गीते तीच. ५४ वर्षांत बदलले ते वाचणारे. मधल्या काळात चर्चमधून बाहेर काढले गेलेले ते दोन रंगीत फलकही १९९८ पासून यिर्कालाच्या कलाकेंद्रात मानाने उभे आहेत.

श्रोतेहो, ह्या साऱ्याचा बोध एवढाच की लिहिलेले ते खरे आणि सांगितलेले ते कच्चे, ही आपली सवय तपासून पाहिली पाहिजे. ज्या ग्रंथावर माझी श्रद्धा आहे तोही प्रथम कोणीतरी सांगितला आणि कोणीतरी विश्वासाने ऐकला, म्हणून तो लिहिला गेला. त्या विश्वासाचा मान जर मी राखतो, तर फिंकच्या काठचा वृद्ध आपल्या डोंगराकडे बोट दाखवून जे सांगतो, तेही त्याच तीन प्रश्नांनी आणि तितक्याच आदराने मी ऐकले पाहिजे. कोणी सांगितले, कोणासमोर सांगितले, आणि कोणत्या अधिकाराने? हे विचारण्यापूर्वीच जे निकाल दिले गेले, त्यांची किंमत यिर्कालाने आणि मरे नदीकाठच्या लोकांनी आपल्या जमिनीने मोजली.